मराठी चर्चची खबर घराघरांत कशी पोहोचवावी: वेदीवरच्या सूचनेपासून थेट प्रक्षेपणापर्यंत

चर्चच्या प्रसिद्धीचा विषय निघाला की पॅरिश कौन्सिल असो वा मंडळीची कमिटी, चर्चा थेट फ्लेक्सवर किंवा यूट्यूब चॅनलवर येऊन थांबते. खरी अडचण त्याच्या खूप आधी असते. श्रीरामपूरहून नोकरीसाठी वसईत आलेल्या कुटुंबाला रविवारी मराठी मिस्सा (कॅथलिक उपासना) किती वाजता आहे, एवढंच हवं असतं. मोबाइलवर एक वेळ दिसते, फाटकावरच्या पाटीवर दुसरी असते आणि वॉचमन तिसरीच सांगतो. पुढच्या रविवारी ते कुटुंब दुसरीकडे जातं, किंवा कुठेच जात नाही. म्हणून आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: माहिती आधी खरी आणि ताजी हवी, सुंदर नंतर. पुढची सगळी कामं त्याच क्रमाने लावली आहेत.

मराठी ख्रिस्ती समाजाला लिहिण्या-छापण्याची जुनी सवय आहे. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगरला सुरू झालं. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाला चर्चबाहेरचाही वाचक मिळाला आणि त्याचे अनेक वर्षं संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाच्या चालीत गाणी रचली, कारण ऐकणाऱ्यांच्या कानाला तीच चाल ओळखीची होती. तेव्हा मराठीतून नीट, नेमकं बोलणं ही आपल्याकडे उसनी आणायची गोष्ट नाही. अडतं ते आठवड्याच्या शिस्तीपाशी.

पहिलं काम: माहितीचा एकच मूळ तक्ता

एक गूगल शीट उघडा. वही चालेल, पण मग ती कार्यालयातच राहिली पाहिजे. तक्त्यात एवढ्या गोष्टी हव्यात: प्रत्येक मिस्सेची किंवा उपासनेची वेळ, वार आणि भाषा, पहिल्या शुक्रवारी किंवा प्रभुभोजनाच्या रविवारी होणारा बदल, पापनिवेदनाची वेळ, कार्यालयाचे तास आणि सुट्टीचा वार, धर्मगुरूंचा किंवा पाळकांचा भेटीचा वेळ, बाप्तिस्मा आणि लग्नासाठी लागणारी कागदपत्रं आणि किती आधी कळवायचं, दाखल्याची नक्कल कशी मिळते, कबरस्तानाच्या कामासाठी कुणाला फोन करायचा, गाडी कुठे लावायची, पायऱ्या टाळून व्हीलचेअर कुठून आत येते. शेवटच्या दोन गोष्टी बहुतेक जण विसरतात, आणि म्हाताऱ्या आईला घेऊन येणारा नेमकं तेच आधी विचारतो.

तक्ता बदलण्याचा अधिकार दोघांनाच द्या. एक संपर्कप्रमुख, जो लिहितो, आणि एक तपासनीस, जो पाठवण्याआधी वाचतो. धर्मगुरूंना तिसरं ठेवा, पण रोजचं काम त्यांच्यावर टाकू नका. मयत आणि आजारी माणसाची भेट एकाच दिवशी आली की सूचना राहून जाते. फलक, पत्रक, व्हॉट्सॲप आणि गूगलवरची प्रत्येक ओळ याच तक्त्यातून उचलायची, आठवणीतून कधीच नाही. तक्त्याच्या तळाशी ‘शेवटची तपासणी’ आणि तारीख लिहा. ही तारीख तीन महिन्यांपेक्षा जुनी झाली तर तक्ता बिघडला असं समजा.

सूचना देण्याची शेवटची वेळही ठरवून टाका. रविवारच्या सूचना गुरुवारी संध्याकाळी ७ पर्यंत, लेखी. शनिवारी रात्री फोनवरून आलेली सूचना पुढच्या आठवड्यात जाईल. अपवाद फक्त मयत, आजारपण आणि रद्द झालेले कार्यक्रम यांना. पहिले दोन महिने लोक रागावतात, नंतर सवय होते.

वेदीवरून दिली जाणारी सूचना

कॅथलिक मिस्सेत सूचनांची जागा कम्युनियननंतरची (ख्रिस्तप्रसादानंतरची) प्रार्थना झाल्यावर, शेवटच्या आशीर्वादाआधी आहे. तिथे लोक उभे तरी असतात किंवा उठायच्या तयारीत तरी. दोन मिनिटांच्या वर काहीही ऐकलं जात नाही. सावकाश वाचलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे तीन सूचना, प्रत्येकी सत्तर शब्द. चौथी असेल तर ती पत्रकात जाते.

सर्रास ऐकू येणारी सूचना अशी असते: ‘सर्व धर्मग्रामस्थांना कळविण्यात येते की महिला मंडळाच्या वतीने दरवर्षीप्रमाणे यंदाही आरोग्य शिबिराचे आयोजन करण्यात आले असून तरी सर्वांनी जास्तीत जास्त संख्येने उपस्थित राहून शिबिराचा लाभ घ्यावा.’ इतके शब्द खर्च होऊनही तारीख, वेळ, जागा काहीच कळत नाही. तीच सूचना अशी करा: ‘मधुमेह आणि रक्तदाबाची मोफत तपासणी. रविवार, १५ नोव्हेंबर, सकाळी ८ ते ११, शाळेच्या तळमजल्यावर. साखर तपासायची असेल त्यांनी उपाशीपोटी यावं. नावनोंदणी आज बाहेरच्या टेबलावर.’ माणसाच्या उपयोगाची गोष्ट आधी, मग वार-तारीख-वेळ, मग जागा, मग आता काय करायचं ते. आयोजकांचे आभार पत्रकात जातात.

वाचणाऱ्याला कागद मोठ्या अक्षरात, किमान १६ पॉइंटमध्ये द्या आणि मिस्सेआधी एकदा मोठ्याने वाचून घ्या. तारीख वाराशी जुळते का हे तपासनीसाने कॅलेंडर उघडून पाहायचं. मराठी चर्चच्या सूचनांतली सगळ्यात नेहमीची चूक हीच आहे, कारण गेल्या वर्षीचा मजकूर उचलला की तारीख बदलली जाते आणि वार तसाच राहतो.

पत्रक आणि फलक

एफोर कागद मधे दुमडून चार पानांचं साप्ताहिक पत्रक पुरतं. पहिल्या पानावर त्या रविवारची वाचनं आणि गीतांचे क्रमांक, आत सूचना, मागे कायमची माहिती. मजकूर १३-१४ पॉइंटच्या खाली नको. मोतीबिंदू झालेल्यांसाठी दहाएक प्रती १८ पॉइंटमध्ये वेगळ्या काढा आणि दाराशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला त्या कुणाला द्यायच्या ते सांगून ठेवा. किती छापायच्या ते मोजून ठरवा: चार रविवार उरलेल्या प्रती मोजा, तेवढ्या कमी करा. घरटी एक पुरते.

सूचनाफलकाचे दोन भाग करा. डावीकडे कायमची माहिती, उजवीकडे चालू सूचना. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ‘काढण्याची तारीख’ लिहा. मे महिन्यातल्या शिबिराचा कागद ऑगस्टमध्येही लटकत असेल तर लोक त्या फलकाकडे पाहणंच सोडून देतात.

व्हॉट्सॲप: इथेच सगळं घडतं आणि बिघडतं

बहुतेक चर्चचा एकच समूह असतो आणि त्यात सगळं चालतं: शुभ सकाळ, वाढदिवस, निवडणूक, हरवलेलं पाकीट आणि मधेच अंत्यविधीची वेळ. कंटाळून लोक समूह म्यूट करतात, आणि ज्या दिवशी खरंच कळायला हवं त्या दिवशी कळत नाही. त्यामुळे मांडणी तीन थरांची करा.

पहिला थर जाहीर चॅनलचा. तो कुणालाही फॉलो करता येतो आणि फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. मिस्सेच्या वेळा, सणांची पत्रकं, प्रक्षेपणाची लिंक इथे. याचा क्यूआर कोड फाटकावर आणि पत्रकाच्या मागे छापा. नवीन माणूस कुणालाही न विचारता आत येतो तो इथून.

दुसरा थर कम्युनिटीच्या घोषणा समूहाचा. इथे फक्त ॲडमिन लिहितात, नोंदलेली कुटुंबं वाचतात आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. साध्या समूहात ते दिसतात, आणि तिथूनच विमा एजंट आणि त्रास देणारे लोक मुलींचे नंबर उचलतात. दिवसाला जास्तीत जास्त एक संदेश, आठवड्याला चार. ही मर्यादा पाळली तरच लोक समूह म्यूट न करता ठेवतात.

तिसरा थर वाड्या-विभागांच्या लहान समूहांचा. गप्पा, वर्गणी, रोझरी (जपमाळेची प्रार्थना) कुणाच्या घरी, कॉटेज मीटिंग (घरगुती प्रार्थनासभा) कुठे, हे तिथे. संपर्कप्रमुखाने यात नाक खुपसू नये. प्रत्येक समूहाला त्याच वाड्यातला एक ॲडमिन असला की पुरे.

जुनी ब्रॉडकास्ट यादी काही जण अजून वापरतात. तिला २५६ जणांची मर्यादा आहे, शिवाय तुमचा नंबर ज्याने साठवलेला नाही त्याला संदेश मिळतच नाही. पाठवणाऱ्याला वाटतं सगळ्यांना गेलं. ती बंद करा.

संदेश लिहिताना आधी मजकूर, मग चित्र. नुसतं रंगीत पोस्टर पाठवलं तर त्यातला मजकूर शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही आणि चष्मा नसेल तर वाचताही येत नाही. तारीख पूर्ण लिहा, वर्षासकट. ‘येत्या शनिवारी कबरस्तान साफसफाई’ हा संदेश पुढच्या वर्षी कुणीतरी फॉरवर्ड करतो आणि दहा माणसं खराटे घेऊन बंद फाटकापाशी उभी राहतात. वाचता न येणाऱ्या आणि डोळे अधू झालेल्या आजी-आजोबांसाठी महत्त्वाच्या सूचनेबरोबर चाळीस सेकंदांचा आवाजी संदेश जोडा. शक्यतो तो दर वेळी एकाच ओळखीच्या आवाजात असावा.

मयताच्या संदेशाचा नमुना आधीच तयार ठेवा, कारण तो घाईत आणि रडत लिहिला जातो. क्रम असा: नाव आणि घरचं बोलावण्याचं नाव, वय, वाडा, कुणाची आई, कुणाचे वडील, पार्थिव घरी किती वाजल्यापासून, घरून किती वाजता निघणार, चर्चमधला विधी किती वाजता, दफन कुठे, संपर्कासाठी एक नंबर. घरचं बोलावण्याचं नाव नसेल तर एकाच गावात तीन सारखी नावं असल्यामुळे भलत्याच घरी फोन जातात. घरच्या मोठ्या माणसाला वाचून दाखवून होकार घेतल्याशिवाय पाठवू नका. परदेशातल्या मुलाला आईच्या जाण्याची बातमी समूहातून कळू नये. वेळ बदलली तर जुना संदेश सर्वांसाठी डिलीट करा आणि नव्यात पहिली ओळ ‘वेळ बदलली आहे’ अशी द्या. दुरुस्ती शेवटी टाकली तर कुणी तिथपर्यंत वाचत नाही.

आजारी माणसासाठी प्रार्थनेची विनंती करताना आजाराचं नाव आणि रुग्णालयातला खाटेचा क्रमांक लिहू नका. ‘आपल्या वाड्यातल्या एका बहिणीवर मंगळवारी शस्त्रक्रिया आहे’ एवढं प्रार्थनेला पुरतं.

गूगल मॅपवरची नोंद

हे फुकट आहे, दोन तासांचं काम आहे, आणि नव्या माणसाच्या दृष्टीने फ्लेक्सपेक्षा कितीतरी मोलाचं आहे. आधी चर्चचं नाव नकाशावर शोधा. बहुतेकदा कुणीतरी अनोळखी माणसाने नोंद केलेली असते, कधी दोन-दोन. ‘या व्यवसायाचे मालक आहात का’ वर जाऊन ताबा मागा. पडताळणीसाठी सहसा व्हिडिओ मागतात: रस्त्यावरची पाटी, फाटक आणि आतून कुलूप उघडताना, असं सलग, न तोडता चित्रण करा. दुहेरी नोंद असेल तर ती ‘डुप्लिकेट’ म्हणून कळवा. स्वतःच दुसरी उघडू नका.

एकाच चर्चला लोक तीन नावांनी ओळखतात. वसई तालुक्यातल्या नंदाखालचं चर्च कुणी ‘होली स्पिरिट चर्च’ म्हणून शोधेल, कुणी ‘पवित्र आत्म्याचं चर्च’, तर रिक्षावाल्याला फक्त ‘नंदाखालचं चर्च’ माहीत. नावाच्या रकान्यात फाटकावर असलेलं अधिकृत नाव द्या, बाकीची दोन वर्णनात येऊ द्या. ‘उघडण्याचे तास’ भरताना घोटाळा होतो: तिथे कार्यालयाचे तास टाकले की रविवारी सकाळी नकाशा ‘बंद आहे’ असं दाखवतो. तिथे चर्चचे दरवाजे उघडे असण्याचे तास टाका आणि मिस्सेच्या वेळा वर्णनात भाषेसह लिहा. नाताळ आणि पवित्र सप्ताहासाठी ‘विशेष तास’ पंधरा दिवस आधी भरा. पिन मुख्य रस्त्याच्या फाटकावर आहे का हे स्वतः मोबाइल घेऊन चालत जाऊन पाहा. बऱ्याच ठिकाणी ती मागच्या शेतात पडलेली असते.

फ्लेक्स आणि देवनागरीची छपाई

फ्लेक्सवर काय लिहायचं हे अंतर ठरवतं. ढोबळ हिशेब असा: दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर. रस्त्यापलीकडून, साठ फुटांवरून वाचायचं तर अक्षर सहा इंच हवं. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळे सहा इंची अक्षराची ओळ दहाएक इंच जागा खाते. म्हणजे सहा बाय तीन फुटांच्या फ्लेक्सवर तीनच ओळी, प्रत्येकी बारा-चौदा अक्षरांच्या. त्यात कार्यक्रम, तारीख आणि वेळ बसते. कौन्सिलच्या अकरा सदस्यांचे फोटो बसत नाहीत, आणि बसवले की तारीख अंगठ्याएवढी होते.

छपाईतली खरी गंमत फॉन्टची. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करता, छापखान्यात मात्र जुन्या कोरलड्रॉमध्ये श्रीलिपी या युनिकोड नसलेल्या फॉन्टवर काम चालू असतं. मजकूर इकडून तिकडे नेताना रफार घसरतो, वेलांटी भलत्या अक्षरावर चढते. ‘प्रार्थना’, ‘आशीर्वाद’, ‘ख्रिस्त’ हे नेहमीच्या वापरातले शब्दच आधी बिघडतात. त्यावर उपाय म्हणजे मजकूर स्वतः युनिकोड फॉन्टमध्ये, उदाहरणार्थ ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’मध्ये, मांडून पीडीएफ द्या आणि छापखान्याला अक्षरांचे कर्व्ह करायला, म्हणजे अक्षरांचं रेखाचित्रात रूपांतर करायला सांगा. त्यांनी पुन्हा टाइप केलंच, तर प्रूफ छापील हातात घ्या. मोबाइलवर आलेल्या छोट्या चित्रात अनुस्वार उडालेला दिसत नाही.

रस्त्यावर लावायचं तर पालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी आधी. महाराष्ट्रात विद्रूपीकरण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा आहे. परवानगीचा क्रमांक आणि मुदत फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापा, मुदत संपली त्या संध्याकाळी काढा. विजेच्या खांबाला आणि झाडाला बांधू नका. चर्चच्या नावाचा फाटका फ्लेक्स महिनाभर नाक्यावर फडफडत राहणं ही उलटी जाहिरात आहे.

थेट प्रक्षेपण

आधी ठरवा की ते कुणासाठी आहे. आमच्या मते तीन माणसांसाठी: अंथरुणाला खिळलेले, आखातात किंवा कॅनडा-ऑस्ट्रेलियात असलेले, आणि अंत्यविधीला पोहोचू न शकलेले. या तिघांना आवाज स्वच्छ हवा असतो. तीन कॅमेरे नकोत.

बहुतेक प्रक्षेपणं आवाजावर पडतात. मोबाइलचा माइक चर्चमधला घुमार आणि पंख्यांची घरघर आधी पकडतो, प्रवचन नंतर. मिक्सरच्या ‘ऑक्स’ आउटपुटमधून वेगळी केबल काढून छोट्या ऑडिओ इंटरफेसमधून मोबाइलला किंवा लॅपटॉपला द्या. मिक्सरचा लाइन-पातळीचा आवाज थेट मोबाइलच्या माइकच्या भोकात घातला तर फाटतो. गायकवृंद पूर्ण जोरात गात असतानाही मीटर उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ नये. बोलताना उणे अठरा ते उणे बाराच्या दरम्यान ठेवा. लोकांच्या प्रतिसादासाठी एक माइक वर टांगा, नाहीतर घरी ऐकणाऱ्याला पुरोहित रिकाम्या चर्चशी बोलत आहेत असं वाटतं.

७२० पी चित्राला सुमारे ४ एमबीपीएस अपलोड लागतो. प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट वेग मोजून घ्या, तोही रविवारी सकाळीच, कारण मंगळवारी दुपारचा वेग खोटं समाधान देतो. ४ एमबीपीएसने तासाला जवळजवळ १.८ जीबी डेटा जातो. दिवसाला दीड जीबीचा मोबाइल प्लॅन वापरला तर पन्नासाव्या मिनिटाला प्रक्षेपण कोसळतं, म्हणजे नेमकं कम्युनियनच्या सुमाराला. वायरचं ब्रॉडबँड घ्या.

यूट्यूबवर मोबाइलमधून थेट जायला ५० सबस्क्रायबर लागतात. लॅपटॉपवरून ती अट नाही. पहिल्यांदा ही सोय सुरू करायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून २४ डिसेंबरच्या दुपारी चॅनल उघडू नका. गीतांचं म्हणाल तर भारताच्या कॉपीराइट कायद्यात खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीतल्या सादरीकरणाला सवलत आहे, पण यूट्यूबच्या यंत्रणेला विधी कळत नाही. कुणाचं रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवलंत तर प्रक्षेपण मधेच थांबू शकतं. आपल्या गायकवृंदाने जिवंत गायलेलं ठेवा.

कॅमेरा वेदी आणि वाचनपीठ दाखवील असा एका जागी लावा. कम्युनियनच्या रांगेतले चेहरे आणि पापनिवेदनाची जागा कॅमेऱ्यात येऊ देऊ नका. पहिल्या कम्युनियनच्या आणि संडे स्कूलच्या कार्यक्रमांत १८ वर्षांखालच्या मुलांचे फोटो-चित्रण टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. प्रवेशअर्जातच तो रकाना ठेवा. अंत्यविधीचं प्रक्षेपण अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसणारं) ठेवा, लिंक फक्त घरच्यांना द्या.

सणांचं उलटं वेळापत्रक

२०२६ चा नाताळ शुक्रवारी आहे, आगमनकाळ (नाताळच्या तयारीचा काळ) २९ नोव्हेंबरला सुरू होतो. २०२७ साली भस्म बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला, उत्तम शुक्रवार २६ मार्चला, पुनरुत्थानाचा रविवार २८ मार्चला. म्हणजे नाताळ आवरून सहा आठवडे होताच उपवासकाळ दाराशी येतो. त्याची पत्रकं जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लिहून झाली पाहिजेत.

नाताळसाठी मागे मोजत या: सहा आठवडे आधी वेळा पक्क्या, परवानग्यांचे अर्ज, चार आठवडे आधी पत्रक छपाईला, दोन आठवडे आधी गूगलचे विशेष तास आणि पहिला संदेश, तीन दिवस आधी शेवटचा, त्यात फक्त वेळा आणि पार्किंग. रात्रीच्या मिस्सेची वेळ लिहिताना ‘२५ डिसेंबर, रात्री १२’ असं कधीच लिहू नका, लोक एक दिवस उशिरा येतात. ‘गुरुवार, २४ डिसेंबरची रात्र’ असं लिहा. उघड्यावर ध्वनिक्षेपक असेल तर रात्री १० ची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली आहे. सरकार वर्षातल्या मोजक्या, जास्तीत जास्त १५ दिवसांना मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. त्या वर्षीच्या आदेशात २४ तारीख आहे की २५, हे पोलीस ठाण्यात जाऊन वाचून या आणि मगच वेळ छापा.

यात्रेचं गणित वेगळं. हरेगावची मतमाउली किंवा वांद्र्याची माउंट मेरी, सप्टेंबरात हजारो माणसं एका जागी आली की मोबाइल नेटवर्क बसतं. तिथे व्हॉट्सॲपवर विसंबू नका. बाण असलेले छापील फलक, ठरलेल्या वेळांना ध्वनिक्षेपक, हरवलेल्या मुलांचा एकच तंबू आणि त्याची जागा प्रत्येक पदयात्रेच्या प्रमुखाकडे आधीच कागदावर.

शेजाऱ्यांना बोलावताना

नाताळचा गोठा पाहायला, कॅरल ऐकायला गावातली इतर धर्मांची माणसं आनंदाने येतात. त्यांना छापील निमंत्रण द्या, शक्यतो हातात. किती वेळ लागेल, कुठे बसायचं, उभं राहावं लागतं का, हे दोन ओळींत सांगा. कम्युनियन कुणी घ्यायचं याची एक सौम्य ओळ पत्रकात असू द्या: ‘ख्रिस्तप्रसाद कॅथलिक भाविकांसाठी आहे, इतरांनी जागेवर बसून प्रार्थनेत सहभागी व्हावं.’ तिथल्या तिथे अडवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. खाऊच्या टेबलावर ‘केकमध्ये अंडं आहे’ किंवा ‘नाही’ अशी चिठ्ठी ठेवा.

‘इथे प्रार्थनेने हमखास आजार बरे होतात’ असं पत्रकात, फ्लेक्सवर किंवा व्हिडिओच्या शीर्षकात कुठेही येऊ देऊ नका. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा केंद्राचा १९५४ चा कायदा आहे, आणि महाराष्ट्रातला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तथाकथित चमत्कारांचा प्रचार करून लोकांना फसवणं गुन्हा ठरवतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे असं वाचून कुणी इन्सुलिन बंद केलं तर त्याचं उत्तर आपल्याला द्यावं लागेल. आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, आम्ही सोबत बसतो, रुग्णालयात भेटायला येतो: एवढं लिहा, ते खरं आहे. मदत, शिक्षण किंवा नोकरी यांचा उल्लेख धर्माच्या आमंत्रणाला जोडू नका. दवाखान्याचं पत्रक वेगळं, उपासनेचं वेगळं.

दानाचा क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचाच हवा, कुणा व्यक्तीचा नाही. थेट प्रक्षेपणावर तो दाखवताना एक गोष्ट सांभाळा. परदेशात नोकरी करणारा भारतीय नागरिक आपल्या कमाईतून बँकेद्वारे देतो ते परकीय दान ठरत नाही. पण ज्याने कॅनडाचं किंवा ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं, तो ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्डधारक असला तरी त्याचं दान परकीय ठरतं, आणि एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणीशिवाय ते घेता येत नाही. क्यूआरखाली ‘फक्त भारतीय नागरिकांसाठी’ ही ओळ छापा.

अवघड प्रसंगी कोण बोलणार

अफवा, मालमत्तेचा वाद, तोडफोड, आरोप. असं काही घडण्याआधीच एकच अधिकृत माणूस ठरलेला असावा आणि त्याचं नाव सर्व ॲडमिनना माहीत असावं. पहिल्या दोन तासांत फक्त तीन वाक्यं द्या: काय झालं हे आम्हाला कळलं आहे, पोलिसांना किंवा संबंधितांना कळवलं आहे, पुढची माहिती अमुक वाजता देऊ. आणि त्या वेळेला द्या, नवीन काही नसलं तरी. बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पोक्सो या बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि मुलाची ओळख उघड करणं गुन्हा. ‘आम्ही अंतर्गत चौकशी करत आहोत’ असं पत्रक तिथे पोलिसांना कळवण्याची जागा घेऊ शकत नाही. समूहात त्या घराचा, वाड्याचा, शाळेच्या वर्गाचा उल्लेखही आला तर ॲडमिनने तत्काळ काढून टाकावा.

बदली झाली की

धर्मगुरूंची आणि पाळकांची बदली ठरलेलीच असते, आणि चर्चची डिजिटल मालमत्ता सगळ्यात जास्त हरवते ती याच वेळी. यूट्यूब चॅनल जुन्या फादरांच्या खासगी जीमेलवर असतं, गूगल मॅपची नोंद शहरात नोकरीला गेलेल्या एका तरुणाच्या मोबाइलवर. म्हणून चर्चच्या नावाचं एक वेगळं जीमेल खातं काढा आणि सगळं त्यावर उघडा. पुनर्प्राप्तीचा नंबर कार्यालयाच्या सिमचा द्या, आणि ते सिम नियमित रिचार्ज होत राहील हे कोषाध्यक्षांच्या कामात लिहून टाका. वापरात नसलेलं प्रीपेड सिम बंद होतं आणि तो नंबर पुढे दुसऱ्यालाच मिळतो. पासवर्ड आणि दोन-टप्प्यांच्या पडताळणीचे बॅकअप कोड बंद पाकिटात बाप्तिस्मा-नोंदवहीच्या कपाटात ठेवा. नवे धर्मगुरू पदभार घेतील त्या आठवड्यात ते पाकीट उघडून प्रत्येक खात्यात शिरून पाहा, पासवर्ड बदला, जुने ॲडमिन काढा, नवे जोडा आणि माहितीच्या तक्त्यावर ताजी तारीख टाका.